उन्हाची किंमत

घरातल्या कामांनाही एक उतरंड असते. स्वयंपाकाला मान आहे, शिवणटिपणाला कौतुक आहे. भांडी आणि झाडलोट यांना मान नसला, तरी ती कष्टाची कामे आहेत हे सगळे कबूल करतात. पण धुतलेले कपडे वाळवणे हे एक काम आहे, असे कोणाच्या ध्यानातच येत नाही. आपली भाषासुद्धा या बाबतीत बाईच्या बाजूची नाही. भाकरी आपण ‘भाजली’ म्हणतो, दळण ‘दळले’ म्हणतो, भांडी ‘घासली’ म्हणतो. कपडे मात्र ‘वाळले’. जणू झाडावरचा आंबा पिकावा तसे ते आपले आपण वाळतात आणि आपले आपण घड्या होऊन कपाटात जाऊन बसतात!

मी जालन्यात पन्नास वर्षे संसार केला आणि त्यातली तीस वर्षे शाळेत इतिहास-भूगोल शिकवला. आयुष्यात काय केलेस असे कोणी विचारले, तर मुले वाढवली आणि मुलांना शिकवले असे मी सांगेन. इतके कपडे वाळवले असे काही माझ्या तोंडून निघणार नाही. पण खरा हिशेब मांडला तर या कामात गेलेला वेळ फळ्यापुढे गेलेल्या वेळेहून फारसा कमी भरणार नाही.

आणि हे काम वाटते तितके बिनडोकही नाही. कपडा पिळायचा, दोन्ही हातांनी झटकायचा, कडा जुळवून वलणीवर टाकायचा. पांढरा उन्हात, रंगीत उलटा करून सावलीत. सदरा खांद्याशी चिमट्यात धरला तर खांद्यावर टोके उभी राहतात, म्हणून तो खालच्या शिवणीकडून धरायचा. लोकरीचा कपडा टांगायचा नाही, पसरायचा. टांगला की तो आपल्याच ओझ्याने गुडघ्यापर्यंत येतो. आणि हे सगळे झाल्यावर उरलेला दिवसभर, हातात दुसरे कोणतेही काम असले तरी, आभाळाकडे एक डोळा ठेवायचा.

शेवटची परीक्षा असते कपडे काढण्याची. ‘आंबटओले’ हा आपल्या भाषेतला मोठा नेमका शब्द आहे. धड ओले नाही, धड वाळलेले नाही. हाताला कोरडे लागते, पण गालाला लावले की गार लागते. असा कपडा घडी करून ठेवला की दुसऱ्या दिवशी सबंध कपाटाला वास येतो. घरातल्या पुरुषांना ओले कळते आणि वाळलेले कळते. आंबटओले कळत नाही. निदान आमच्या घरात तरी कळत नसे.

या कामाला जालन्याचे हवामान मोठे अनुकूल आहे. पाऊस वर्षाकाठी सातशे मिलिमीटरांच्या आसपास, तोही मनात आले तर. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिसाच्या वर चढतो आणि हवा इतकी कोरडी होते, की वलणीच्या एका टोकाला शेवटचा कपडा टाकीपर्यंत दुसऱ्या टोकाचा पहिला कपडा वाळायला लागलेला असतो. त्याच गच्चीवर कुरडया, पापड, सांडगे यांचे वाळवण पडलेले असते. मुंबईची माझी नणंद ‘कपडे सुकले का?’ म्हणून विचारते. आम्ही ‘वाळले का?’ म्हणतो. सुकायला वेळ लागतो, वाळायला लागत नाही, अशी माझी आपली एक समजूत आहे.

पण ऊन पुष्कळ असले म्हणजे ते सगळ्यांना सारखे मिळते असे नाही. माझे माहेर गोदाकाठचे, अंबड तालुक्यातले. आजीचे नऊवारी लुगडे नदीवर धुतले, की आम्ही दोघी बहिणी त्याची दोन टोके धरून वाऱ्यात उभ्या राहत असू आणि घरी निघायच्या आत ते वाळून जाई. सोवळ्याचे लुगडे निराळे. ते माजघरात छताला टांगलेल्या उंच दांडीवर काठीने चढवायचे आणि काठीनेच उतरवायचे. त्याच्या वाट्याला ऊनही नाही आणि आमचे हातही नाहीत. १९७२ च्या दुष्काळात मी कॉलेजात होते. रस्त्याच्या कामावर खडी फोडायला येणाऱ्या बायकांत काहींच्या अंगावर होते तेवढेच लुगडे असे. अर्धे नेसून उरलेले अर्धे धुवायचे, ते वाळेतो आडोशाला बसायचे, मग वाळलेले नेसून बाकीचे धुवायचे. कपडा वाळायला किती वेळ लागतो, हा प्रश्न ज्याच्या घरी दुसरा जोड नाही त्याच्या दृष्टीने किती निराळा असतो, हे मी तेव्हा डोळ्यांनी पाहिले.

हे सारे आज आठवायला कारण माझी बोटे. दोन वर्षांपासून संधिवाताने ती आखडली आहेत. चादर पिळवत नाही आणि हात खांद्याच्या वर जात नाहीत. मुलगा जर्मनीत, स्टुटगार्टला असतो. त्याने फोनवर फर्मान काढले, “आई, आता तू दोरीच्या नादी लागू नकोस. मी ड्रायर घेऊन देतो. कोणता पाहिजे तेवढे सांग.”

कोणता पाहिजे! आमच्याकडे ‘ड्रायर’ म्हणतात तो खरा ड्रायर नव्हेच. कपडे धुण्याच्या अर्ध-स्वयंचलित यंत्राला शेजारी एक लहान पिंप असते. ते भिरभिरते आणि कपड्यांतले पाणी बाहेर फेकते. ते पिळण्याचे यंत्र आहे, वाळवण्याचे नव्हे. त्यातून निघालेला कपडा आंबटओल्याच्याही अलीकडचा असतो. खऱ्या ड्रायरात कपड्यांचे पिंप सावकाश फिरत राहते आणि त्यातून गरम हवा खेळवली जाते. स्टुटगार्टला सुनेच्या बाळंतपणासाठी मी तीन महिने राहिले, तेही ऐन थंडीत, तेव्हा या यंत्राशी माझी चांगली ओळख झाली होती. तेथे डिसेंबरात दुपारी चारच्या पुढे अंधार पडतो. बाहेर टाकलेला कपडा वाळत नाही, कडक होतो. घरात टाकावा तर काचांवरून पाणी ओघळते आणि भिंतीला बुरशी धरते. त्यातून घरात तान्हे मूल, म्हणजे दुपट्यांना अंत नाही. अशा ठिकाणी यंत्राला चैन म्हणणाऱ्याने तेथे एक हिवाळा काढून पाहावा.

या यंत्रांत मुख्य जाती तीन. पहिली जात नळीवाली. ती खोलीतली हवा आत ओढते, तापवते, कपड्यांतून फिरवते आणि ओली गरम हवा जाड नळीने भिंतीबाहेर सोडून देते. हे यंत्र साधे, स्वस्त आणि झटपट काम करणारे. अमेरिकेत घरोघरी बहुधा हेच असते, विजेवर किंवा गॅसवर चालणारे. दोष असा, की भिंतीला भोक पाडावे लागते आणि पैसे खर्चून तापवलेली हवा रस्त्याला दान करावी लागते. दुसऱ्या जातीला नळी नसते. ती ओली हवा यंत्रातच गार करून तिचे पाणी एका डब्यात साठवते. भिंत शाबूत राहते, भाड्याच्या घरातही चालते. पण वीज जवळजवळ तितकीच खाते, खोली तापवते आणि तो डबा आठवणीने ओतावा लागतो. मुलाच्या घरी आधीच्या भाडेकरूने टाकून दिलेले होते ते या जातीचे.

तिसऱ्या जातीत शीतकपाटाची विद्या वापरलेली असते. शीतकपाट आतली उष्णता उचलून बाहेर टाकते. हे यंत्र ओल्या हवेतली उष्णता काढून घेते आणि तीच पुन्हा कोरड्या हवेला देते. म्हणजे एकदा विकत घेतलेली ऊब ते पुनःपुन्हा वापरते. सात किलो सुती कपड्यांच्या एका खेपेला पहिल्या दोन जातींना सुमारे चार युनिटे वीज लागते; याला दीड-दोन पुरतात. शिवाय त्यांची हवा सत्तर अंशांच्या वर जाते, तर याची पन्नासाच्या आसपास राहते. त्यामुळे कपडे कमी आटतात. पण याची किंमत जास्त, वेळ जास्त, अंतर्भाग नाजूक आणि जाळ्या साफ ठेवण्याची कटकट जास्त. वेळ आणि पैसा यांचे हे जुनेच भांडण आहे. स्वित्झर्लंडने २०१२ मध्येच या तिसऱ्या जातीखेरीज दुसरी नवी यंत्रे विकायला बंदी केली आणि युरोपीय संघाच्या नियमांनी १ जुलै २०२५ पासून तेथेही बाजारात नवे येईल ते याच जातीचे. सुनेने जुने यंत्र मोडीत काढून हेच घेतले, आणि तिने केले ते बरोबरच केले असे मला वाटते.

त्या यंत्राच्या दोन गोष्टी मला फार आवडल्या. एक म्हणजे त्याला आंबटओले कळते! कपड्यांत किती ओल उरली आहे हे ते स्वतः चाचपते, आणि बटणांवर जर्मन भाषेत दोन वेगवेगळे शब्द आहेत : एकाचा अर्थ ‘इस्त्रीपुरते वाळलेले’ आणि दुसऱ्याचा ‘कपाटात ठेवण्याइतके वाळलेले’. जी पारख मला सासूबाईंच्या हाताखाली वर्षभर घालवून साधली, ती तेथे एका बटणात आहे. दुसरी गोष्ट जाळीत जमणारी राखी रंगाची मऊ लादी. जालन्याच्या बाईला ती ओळखायला वेळ लागत नाही. आमचा मुलूख कापसाचा. सरकीपासून रुई वेगळी होताना आम्ही लहानपणापासून पाहतो. ती लादी म्हणजे आपल्याच कपड्यांची रुई. प्रत्येक खेपेला कपडा थोडा थोडा झिजतो आणि त्याचा हिशेब यंत्र जाळीत दाखवते. ती काढली नाही तर हवा कोंडते, यंत्र तापते आणि पेटही घेते. अमेरिकेत अशा आगी दरवर्षी हजारांनी लागतात. ऊनही कपडे विटवते, पण त्याची लादी कुठे दिसत नाही इतकेच.

यंत्राचा इतिहास मी वाचला तेव्हा मला हसू आले. अठराव्या शतकाच्या अगदी अखेरीस पोशाँ नावाच्या एका फ्रेंच माणसाने भोके पाडलेले पिंप विस्तवावर हाताने फिरवून कपडे वाळवले. कपडे अर्थात धुराने माखत, आणि कधी कधी जळतही. १८९२ मध्ये जॉर्ज सॅम्पसन या कृष्णवर्णीय अमेरिकनाने आपल्या सुधारलेल्या वाळवणी-यंत्राचे पेटंट मिळवले. पुढे नॉर्थ डाकोटाच्या कडाक्याच्या थंडीत ओले कपडे बाहेर टांगायला कंटाळलेल्या जे. रॉस मूर याने एक खोपट बांधून त्यात शेगडी पेटवली, त्यावरून फिरत्या पिंपाची कल्पना काढली आणि पैशाअभावी ती विकली. विस्कॉन्सिनमधल्या हॅमिल्टन कंपनीने १९३८ मध्ये ते यंत्र बाजारात आणले आणि त्याला नाव दिले ‘जून डे’, म्हणजे जून महिन्यातला दिवस! तिकडे जून म्हणजे लख्ख ऊन. आमच्याकडे जून म्हणजे वलणीकडे धावत सुटण्याचा महिना. जालन्यात हे यंत्र निघाले असते, तर त्याचे नाव वैशाख ठेवावे लागले असते.

आणखी एक मौज. ज्या अमेरिकेत हे यंत्र घरोघर झाले, तेथे पुष्कळ वसाहतींनी अंगणात दोरी बांधायलाच मनाई केली. वाळत घातलेले कपडे गरिबीची खूण म्हणून. मग व्हरमाँटसारख्या राज्याला २००९ मध्ये कायदा करावा लागला, की माणसाला दोरीवर कपडे वाळवण्याचा हक्क आहे. आपल्या मोठ्या शहरांतल्या सोसायट्याही हल्ली तशाच सूचना फलकावर लावतात. वैभव आले की माणसाला सर्वांत आधी आपल्या ओल्या कपड्यांची लाज वाटू लागते की काय, कोण जाणे.

तर मुद्दा असा, की जालन्याला यातले काय घ्यावे? मी शिक्षिकेच्या सवयीने कागद घेऊन बसले. एक लिटर पाणी नुसत्या तापवण्याने कपड्यातून उडवायचे तर पाऊण ते एक युनिट वीज जाते. तेच पाणी भिरभिरवून बाहेर फेकायला इतकी थोडी वीज लागते, की ती बिलात शोधावी लागेल. म्हणजे पिळून काढलेले पाणी स्वस्त आणि तापवून काढलेले महाग. हा नियम सगळ्या यंत्रांना लागू. आठ महिने आमच्या गच्चीवर जे ऊन सांडते, त्याच्याशी तिसऱ्या जातीचे यंत्रही बरोबरी करू शकत नाही.

धुणे-वाळवणे दोन्ही करणारे एकच यंत्र दुकानात दाखवले होते. जागा वाचते हे खरे. पण जितके ते एका खेपेला धुते, तितके एका खेपेला वाळवू शकत नाही. आणि त्यातली काही यंत्रे ओली हवा गार करायला नळाचे पाणी सोडतात. कपडे वाळवायला पाणी! निजामाच्या अमदानीतल्या घाणेवाडीच्या तलावावर हे गाव पिढ्यान्‌पिढ्या जगले. २०१३ च्या उन्हाळ्यात आम्ही टँकरमागे घागरी लावल्या. जायकवाडीचे पाणी आले तरी आमच्या घरातली पिंपे भरून ठेवण्याची सवय गेलेली नाही. त्या गावात वाळवण्यासाठी पाणी सांडणारे यंत्र आणणे मला पटेना.

इतके झाल्यावर ‘ऊनच बरे, ते फुकट आहे’ असे म्हणून मी कागद मिटवणार होते. ह्यांनीही तेच सुचवले. “जालन्याला उन्हाचा काय तोटा?” असे ते खुर्चीत बसून म्हणाले. पण उन्हाची किंमत विचारायची तर ती खुर्चीत बसलेल्याला विचारून चालत नाही. ऊन फुकट असते. उन्हाच्या वेळेला घरी असणारे माणूस फुकट नसते. सासूबाई कधी चार दिवस लेकीकडे राहिल्या नाहीत, कारण ‘घरचे धुणे कोण पाहील?’ मी शाळेत नोकरी धरली तेव्हा पावसाळ्यात वर्गाच्या खिडकीतून ढग दिसले, की शिकवता शिकवता माझे मन वलणीवर जाई. मुलांना मी मोसमी वारे शिकवत असे आणि मला मात्र घरच्या चादरी दिसत. ही किंमत कोणत्याही बिलावर येत नाही, म्हणून ती नाही असे नव्हे. स्टुटगार्टला सून कपडे यंत्रात टाकून दार लावून खुशाल कामावर जाते आणि एकदाही आभाळाकडे पाहत नाही, हे पाहून मला प्रथम तिचा हेवाच वाटला होता.

आणि मग आमच्या धुण्याच्या मावशींचे बोलणे झाले. यंत्राची चर्चा त्यांच्या कानांवर गेली होती. एके दिवशी बादली खाली ठेवून त्या म्हणाल्या, “काकू, यंत्र आलं म्हंजी माझं काम जाणार का?” मी म्हटले, “तसे काही नाही.” त्यावर त्या जरा थांबून म्हणाल्या, “न्हाई, घ्या की तुम्ही. पण आमचं कसं, चार घरचं धुणं उन्हात पडतं, आन्‌ आमचं घरचं पडतं रात्री. पावसाळ्यात पोरं वलाच डरेस घालून साळंत जातात.”

गेली नऊ वर्षे त्या आमच्याकडे येतात. चार घरांतल्या चादरींना त्या सकाळचे कोवळे ऊन देतात; स्वतःच्या घरी पोचेपर्यंत ऊन उतरलेले असते. लेकरांचा गणवेश एकच जोड. तो रोज संध्याकाळी धुवायचा आणि सकाळपर्यंत वाळला तर वाळला. खडी फोडणाऱ्या त्या बायकांना जाऊन पन्नास वर्षे झाली. पण दुसरा जोड नसलेल्या घराला ऊन अजून तसेच कमी पडते.

मी मुलाला कळवले, की जर्मनीतले यंत्र जर्मनीत शोभते. मला साधे पिळणी-पिंपाचे यंत्र पुरे. ते आता मोरीशेजारी बसवले आहे. माझ्या बोटांनी जे होत नव्हते, ते पाच मिनिटांत होते आणि पावसाळ्यातही पंख्याखाली कपडे रात्रीतून वाळतात. वाळत घालायला मावशी येतातच. त्यांचे काम गेले नाही, पिळण्याचे कष्ट मात्र गेले. आषाढ लागल्यापासून त्या संध्याकाळी एक पिशवी घेऊन येऊ लागल्या. पहिल्या दिवशी ती पदराआड होती. आता सरळ यंत्रावर आणून ठेवतात. दोन गणवेश, एक ओढणी, कधी एखादी चादर. पाच मिनिटे यंत्र फिरते, तेवढ्यात आम्ही दोघी चहा घेतो. त्यांची पोरे आता कोरड्या कपड्यांत शाळेत जातात. यात मी काही मोठे केले असे नाही. महिन्याला वीज लागते ती चहाच्या साखरेच्या किमतीची.

दुसरे एक केले. गच्चीवरची वलणी सोडून पुन्हा बांधली, ती माझ्या खांद्याइतक्या उंचीवर. ती उंच असावी असे पन्नास वर्षे सगळे धरून चाललो होतो, कारण सासूबाईंच्या वेळी ती उंच होती. आणि त्यांच्या वेळी ती सोवळ्यासाठी उंच होती. आता सोवळे नाही, उंची मात्र राहिली होती. खाली आल्यावर ती ह्यांनाही दिसू लागली. गेल्या आठवड्यात मी दवाखान्यात गेले असताना आभाळ भरून आले, तेव्हा ह्यांनी कोणी न सांगता सगळे कपडे काढून आणले आणि त्यांच्या घड्याही करून ठेवल्या. मी हात लावून पाहिले. आंबटओले होते. त्यांचा डोळा चुकवून मी ते पंख्याखाली पसरले आणि काही बोलले नाही.